पूर ओसरला, वाफसा यायचा होता

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी दादाच्या शेतावर पोहोचलो. हातात फावडं होतं आणि मनात एकच घाई, की सगळं आजच साफ करायचं. दादा म्हणाला, "फावडं ठेव. आधी फोटो काढ."

गोठ्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. तिला टेप लावून फोटो घेतला. आडवं पीक, वाहून गेलेला बांध, भिजलेली पोती, सगळं तारखेसकट घेतलं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत जागा चकाचक केली, तर नुकसान दाखवायचं कशावरून? हे मला सुचलंच नसतं.

वहिनी जनावरांत अडकल्या होत्या. दोन दिवसांची उपाशी गाय समोर दिसेल ते खाते, म्हणून त्या थोडी थोडी कोरडी वैरण देत होत्या. एकदम पोटभर चारलं तर पोट बिघडतं. गाळ बसलेली, बुरसटलेली वैरण त्यांनी सरळ बाजूला काढली. जीव तुटत होता, पण काढली. खुरांमध्ये बोट घालून जखमा तपासायच्या, त्या आम्ही दोघांनी तपासल्या. माझ्याही पायाला चीर होती. वहिनींनी मला गमबूट घालायला लावले, कारण पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू अशाच चिरेतून आत शिरतात. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचं सांगायचं, हेही त्यांनी बजावलं.

मोटर आणि इंजिन कुणीही चालू करायचं नाही, हा दादाचा दुसरा नियम. मोटर उघडून, पूर्ण वाळवून, तपासून मगच वीज जोडायची. इंजिनची ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर ऑइल दुधासारखं पांढरं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. तसंच सुरू केलं असतं तर आतून खलास झालं असतं.

विहिरीचंही तसंच. गढूळ पाणी बघून मी म्हटलं, उपसून टाकू. दादाने थांबवलं. भोवतीची जमीन पाण्याने तुडुंब असताना विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. पाणी थोडं थोडं, टप्प्याटप्प्याने काढलं, मग ब्लीचिंग पावडर टाकली आणि नमुना तपासून येईपर्यंत ते प्यायलो नाही.

आता चुकीबद्दल लिहितो, कारण ती माझी आहे. पाचव्या दिवशी वरची माती सुकलेली दिसली. खालच्या कोपऱ्यात गाळ साचला होता. दादा घरी नव्हता. मी ट्रॅक्टर घातला. चाकं एकसारखी रुतत गेली, तरी मी थांबलो नाही. दादा परतला, काही बोलला नाही. वाकून चाकोरीच्या तळातून मूठभर माती घेतली आणि दाबली. बोटांमधून चिखल बाहेर आला. "वाफसा आला की हा गोळा टाकल्यावर फुटतो," एवढंच म्हणाला. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची, काम करण्याजोगी स्थिती. ओल्या मातीवर वजन पडलं की तिच्यातल्या हवेच्या जागा दबून जातात, आणि मुळांना श्वास तिथूनच घ्यायचा असतो.

त्यानंतर आम्ही फक्त हाताने चर काढले, साचलेल्या पाण्याला वाट करून दिली आणि तारा, काचा वेचल्या. तार जनावराच्या पोटात गेली तर जीवावर बेतते. वाफसा आल्यावर, जिथे गाळ चार बोटांपेक्षा कमी होता तिथे तो नांगरून मातीत मिसळला. जास्त होता तिथे खरवडून बाजूला केला.

मका पेरला. उगवण बरी झाली, पण पानं जांभळी पडली. मी घाबरलो. कृषी सहायकांनी समजावलं की बराच काळ पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी बुरशी खूप कमी होते, आणि साठलेलं नत्रही (नायट्रोजन) निघून जातं. स्फुरद पेरणीबरोबर मुळांजवळ द्यायला हवं होतं. यापुढे जमीन रिकामी ठेवायची नाही, कारण जिवंत मुळांवरच ती बुरशी परत वाढते.

या हंगामात शेत हिरवं आहे. खालच्या कोपऱ्यात मात्र दोन समांतर ओळी बाकी मक्यापेक्षा हातभर बुटक्या आहेत. दादा तिथून जाताना कधी बोट दाखवत नाही. मी मात्र दर वेळी थांबून बघतो.