ब्रिटन ईएएसएतून बाहेर पडताना पार्ट-६६ लायसन्स आयर्लंडला हलवलं: माझा अनुभव

मी विमान दुरुस्तीचा इंजिनिअर. माझं पार्ट-६६ म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन्स बी१.१ गटातलं (टर्बाइन इंजिनाची विमानं), ब्रिटनच्या सीएएचं, म्हणजे तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाचं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनला ईएएसएचे (युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेचे) नियम लागू होते, त्यामुळे त्याच लायसन्सवर डब्लिनमध्येही विमान रिलीज करता (दुरुस्तीनंतर सही करून उड्डाणाला सोडता) यायचं. १ जानेवारीपासून युरोपीय संघातल्या पार्ट-१४५ संस्थेत (मान्यताप्राप्त विमान दुरुस्ती कंपनीत) ते चालणार नव्हतं. मार्ग एकच होता, मुदतीआधी लायसन्स ईएएसएच्या दुसऱ्या सदस्य देशाकडे वळवायचं.

नुसता अर्ज वेळेत पोचून भागत नव्हतं, नवं लायसन्स मुदतीत निघायला हवं होतं. इथेच पुष्कळजण फसले. काहीजण ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या व्यापार करारावर भिस्त ठेवून थांबले. २४ डिसेंबरला करार ठरला, पण त्यात इंजिनिअरांच्या लायसन्सना परस्पर मान्यता नव्हती.

अर्ज फॉर्म १९ वर, नव्या देशाकडे करायचा होता. सोबत पासपोर्ट आणि जुन्या लायसन्सच्या सगळ्या पानांच्या प्रती. नवं प्राधिकरण जुन्याकडून तुमची फाइल थेट मागवतं, ती आपण नेऊन देऊ शकत नाही. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून आपल्याकडून एकही शंका उरू देऊ नये. आपल्या नावांचा घोळ ठरलेला: पासपोर्टवर वडिलांचं नाव, ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर नुसतं आद्याक्षर. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं पत्र पहिल्याच दिवशी जोडा.

नवं लायसन्स आलं की टाइप रेटिंगची (कोणत्या विमान-इंजिनावर सही करता येते त्या नोंदींची) एकेक ओळ जुन्याशी ताडून बघा. एअरबस ए३२० कुटुंबात सीएफएम५६ आणि व्ही२५०० या दोन इंजिनांची वेगवेगळी रेटिंग आहेत. एक ओळ गळली तर त्या इंजिनाच्या विमानावर तुमची सही चालत नाही. लिमिटेशनचा (मर्यादांचा) रकानाही तितक्याच बारकाईनं वाचा.

माझा नंबर यूके.६६ चा आयई.६६ झाला. कंपनीचं ऑथोरायझेशन (सही करायची परवानगी) जुन्या नंबरावर असतं, ते क्वालिटी विभागाकडून नव्यानं निघेपर्यंत सीआरएसवर (दुरुस्तीनंतर विमान सोडण्याच्या प्रमाणपत्रावर) सही करायची नाही, हँगरमध्ये कितीही घाई असो.

ब्रिटननं ईएएसएची लायसन्सं ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत मान्य केली. म्हणजे लायसन्स हलवलेल्यांना दोन वर्षं दोन्हीकडे काम करता आलं, न हलवलेल्यांना युरोपीय संघात नाही. त्यानंतर ब्रिटिश नोंदणीच्या विमानांसाठी ब्रिटनचं वेगळं लायसन्स लागलं. लायसन्स हलवताना जुनं मूळ लायसन्स परत करावं लागतं, म्हणून त्याआधी प्रत्येक पानाची स्वच्छ रंगीत प्रत काढून ठेवा.