पहिला सामना, पण कोणाच्या नियमांनी?

गेल्या वर्षापासून माझा भाचा न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात शिकत आहे. बडोद्यात ज्याचे कोणीच न्यू जर्सीत नाही असे घर शोधावे लागेल, त्यामुळे त्याचे आम्हाला फारसे अप्रूप नव्हते. परंतु "मामा, अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना आमच्या कॉलेजनेच जिंकला होता," असे त्याने एका रविवारी मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हापासून मी त्या सामन्याच्या मागे लागलो.

तो सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे झाला. प्रतिस्पर्धी होते बडोदा ते डभोई एवढ्याच अंतरावरचे प्रिन्स्टन, ज्याचे नाव त्या काळी 'कॉलेज ऑफ न्यू जर्सी' असे होते. तीनच वर्षांपूर्वी प्रिन्स्टनने रटगर्सला बेसबॉलमध्ये ४०-२ असे धुऊन काढले होते, तेव्हा जुना हिशेब चुकता करण्याची इच्छा असणे स्वाभाविकच होते. प्रेक्षक जेमतेम शंभर, आणि गणवेश असा नाहीच. एकमेकांना ओळखता यावे म्हणून रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लालभडक रुमाल मुंडाशासारखे गुंडाळले होते. (पगड्या-पागोट्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हा तपशील सर्वांत आधी आवडला, हे कबूल करतो.)

मात्र त्या खेळाला आज अमेरिकेत, जिथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ, कोणी फुटबॉल म्हणणार नाही. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते: दोघे प्रतिपक्षाच्या गोलाजवळ ठाण मांडून, अकरा जण आपापली जागा राखणारे आणि उरलेले बारा चेंडू जाईल तिकडे धावणारे. चेंडू हातात धरून पळणे किंवा फेकणे निषिद्ध होते, पण लाथेने, डोक्याने आणि हाताच्या फटक्यानेही तो पुढे ढकलता येत असे. प्रिन्स्टनचे खेळाडू उंचीने सरस असल्यामुळे रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट याने चेंडू जमिनीलगत ठेवण्याची सूचना दिली. ४-४ अशा बरोबरीनंतर शेवटचे दोन्ही गोल करून रटगर्सने सामना ६-४ असा जिंकला.

भाच्याने एवढेच सांगितले होते. खरी गंमत पुढच्या आठवड्यात आहे. पहिला सामना रटगर्सच्या अंगणात, रटगर्सच्या नियमांनी झाला होता. १३ नोव्हेंबरला प्रिन्स्टन येथे परतीचा सामना झाला तो प्रिन्स्टनच्या नियमांनी, ज्यांत चेंडू झेलणाऱ्याला विनाअडथळा लाथ मारण्याची मुभा होती, आणि तेथे रटगर्सचा ८-० असा धुव्वा उडाला. तिसरा सामना झालाच नाही. पोरांचे अभ्यासाकडे दुर्लक्ष होते म्हणून प्राध्यापकांनी तो होऊ दिला नाही, असे सांगतात.

हे वाचताना मला आपला हुतूतू आठवला. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो की नाही, एवढ्या एका प्रश्नावर संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन निरनिराळे खेळ आपल्याकडे नांदत होते, आणि एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की खेळाआधी वादच रंगायचा. १९२३ साली आमच्या बडोद्यातील हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, त्यामागची निकड हीच होती. घरच्या मैदानावर नियम तोंडी चालतात. पाहुणा संघ दारात आला की ते कागदावर उतरवावे लागतात.

तिकडे हा कागद तयार व्हायला बराच वेळ लागला. १८७३मध्ये येल, कोलंबिया, प्रिन्स्टन आणि रटगर्स यांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये नियम ठरवण्यासाठी जमले. हार्वर्डने मात्र येण्याचे नाकारले, कारण त्यांच्या खेळात चेंडू उचलून पळता येत असे आणि ते सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. मे १८७४मध्ये हार्वर्डने कॅनडाच्या मॅगिल विद्यापीठाशी दोन सामने खेळले: पहिला स्वतःच्या नियमांनी ३-० असा जिंकला, दुसऱ्याच दिवशी रग्बीच्या नियमांनी ०-० असा बरोबरीत सोडवला. त्यांना रग्बीच अधिक भावली. १८७६मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांनी रग्बीवर आधारित नियम स्वीकारले, आणि पुढे १८८०पासून येलच्या वॉल्टर कॅम्पच्या सूचनांनी खेळाडू अकरावर आले व आजच्या खेळाची घडण सुरू झाली. स्प्रिंगफील्डच्या त्या बैठकीत, ज्याच्या मैदानावर सारे सुरू झाले ते रटगर्स नव्हते.

हे सगळे मी भाच्याला कळवले, आणि सोबत एक प्रश्नही जोडला: त्या ६-४नंतर तुमच्या कॉलेजने प्रिन्स्टनला पुन्हा कधी हरवले? दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "१९३८. २०-१८. मामा, हे आईला सांगू नकोस."