निघालो रेझोल्यूटहून, उतरलो रेझोल्यूटला

आई फोनवर विचारते, "आज किती लांब गेला होतास रे?" मी सांगतो, मुंबई ते कोल्हापूर. ते खरंही आहे. रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड हवाई अंतर साधारण ३८४ किलोमीटर. फक्त मध्ये सातारा नाही, कऱ्हाड नाही. लागतं ते डेव्हन बेट, जगातलं सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट.

कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुतमध्ये, मी ट्विन ऑटर या छोट्या विमानावर को-पायलट आहे. भिंतीवरच्या नकाशात ही दोन गावं फार लांब वाटतात, कारण रेखांशात बारा अंशांचा फरक आहे. पण मुंबईच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे १०५ किलोमीटर, तर इथे जेमतेम २८. वारा नसेल तर दीड तासाचा प्रवास.

त्या सप्टेंबरच्या सकाळी मात्र समोरून २५ नॉटचा, म्हणजे ताशी २५ सागरी मैलांचा, वारा होता. अंतर २०७ सागरी मैल, आमचा वेग १४० नॉट, त्यातून वारा वजा केला की एक तास ४८ मिनिटं. तिथे उतरता आलं नाही तर जवळपास दुसरा विमानतळ नाही, म्हणून परतीचं इंधनही निघतानाच भरायचं. तासाला साधारण ६०० पौंड इंधन लागतं. तेवढं वजन सामानातून कमी करावं लागतं. दुधाचे आणि सफरचंदांचे खोके मीच खाली उतरवले. दीडशे माणसांच्याही आतलं गाव, वर्षातून एकदा येणारं मालवाहू जहाज. तिथे एक खोका मागे ठेवणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. हात जड झाले होते.

प्रवाशांत एक इनुइट, म्हणजे इथल्या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांपैकी, आजी होत्या. दवाखान्याचं काम आटोपून कित्येक दिवसांनी घरी निघालेल्या, सोबत नात. १९५३ मध्ये सरकारने दक्षिणेकडून इनुइट कुटुंबं आणून या किनाऱ्यावर वसवली. त्याबद्दल माफी मागायला २०१० उजाडलं. आजींच्या वयाकडे बघून मला सारखं तेच आठवत होतं.

जोन्स साउंड ही सामुद्रधुनी ओलांडली आणि ग्रीस फिओर्ड ज्यावर आहे त्या एल्समियर बेटाचे कडे दिसले. धावपट्टी खडीची, जेमतेम पाचशे मीटर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. कड्यावरून वारा असा कोसळत होता की विमान एका पंखावर कलंडलं. कॅप्टनने पहिला प्रयत्न सोडला. दुसऱ्या वेळी मला घरांच्या खिडक्या दिसल्या, धावपट्टीजवळ थांबलेली माणसंही. पुन्हा झटका बसला. कॅप्टन एवढंच म्हणाले, "परत." निर्णय योग्यच होता, तरी माझा घसा दाटून आला.

मी मागे वळून हाताने खूण केली. आजी शांतपणे नातीला म्हणाल्या, "आयुर्नामात." इलाज नाही, असा त्याचा अर्थ. त्यांनी हातमोजे पुन्हा चढवले आणि खिडकीकडे तोंड केलं. गाव मागे पडेपर्यंत त्या बघत होत्या.

परतताना तोच वारा पाठीवर, सव्वा तासात रेझोल्यूट. लॉगबुकात लिहिलं: प्रस्थान रेझोल्यूट, आगमन रेझोल्यूट, तीन तास तेवीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. दीड तासात पोचलो, खोक्यांसकट. आजी शिडीवरून उतरताना मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला आणि पाय खडीवर टेकल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.