शिऱ्याची वाटी

श्रावणातल्या सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आई शेजारी गेली आणि वाटी तशीच भरलेली परत घेऊन आली, तेव्हा मी नववीत होतो. ते कुटुंब आमच्या मोर्शी तालुक्यातल्या गावात नुकतेच राहायला आले होते. "राग नोका मानू वैनी, आमाले देवतेचा परसाद चालत नाई," असे काकू हात जोडून म्हणाल्या होत्या. आईच्या मनात मात्र जोडलेले हात राहिले नाहीत, नकार तेवढा राहिला. आजीने ओसरीवरूनच निकाल दिला : "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तिच्यातला मानभाव कोण, हे कधी विचारले नव्हते. ढोंगी माणसाला 'मानभावी' म्हणतात एवढे ठाऊक होते आणि निबंधात हा शब्द वापरून मी शाबासकीही मिळवली होती. तो महानुभाव पंथाच्या नावावरूनच आला आहे, हे कॉलेजात गेल्यावर कळले. म्हणजे काकूंचे बिऱ्हाड शेजारी उतरण्याच्या कितीतरी आधी त्यांच्याविषयीचे आमचे मत तयार होते, आणि ते आम्हाला आमच्या मायबोलीनेच पुरवले होते.

रिद्धपूर आमच्याच तालुक्यात आहे. आमच्याकडे जुनी माणसे त्याला रितपूर म्हणतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य तिथले, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले तेही तिथलेच, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. इतक्या जवळ असूनही मी तिथे पहिल्यांदा गेलो तो शेजारच्या काकांच्या आग्रहाने, आणि तेही मनात थोडी कुचेष्टा ठेवूनच. राजमठात आणि गावातल्या इतर स्थानांवर लोक ओट्यांवर माथा टेकवत होते. मूर्ती कुठे आहे, असे मी विचारले. काका म्हणाले, "बाबू, प्रभू इथं बसले होते, हेच आमचं दर्शन." एक म्हातारी बाई ओट्याच्या कडेवरून असा हळुवार हात फिरवत होती, की झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा. मी नकळत आवाज खाली आणला.

प्रसादाचे कारण काकांनी परतीच्या एस.टी.त सांगितले. परमेश्वर एकच, श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्याचे पाच अवतार, आणि एकदा उपदेश घेतला की इतर देवतांची उपासना नाही. म्हणून देवतेला दाखवलेला नैवेद्यही नाही. हे ऐकताना मला माझे माळकरी आजोबा आठवले. मटणाची पंगत बसली की ते मुकाट्याने उठून जात, आणि त्याला आम्ही सारे कौतुकाने नेम म्हणत असू. काकूंनी त्यांचा नेम पाळला, तर तो आम्हाला शिष्टपणा वाटला.

आमच्या गैरसमजाला जुना इतिहास आहे, हेही खरे. या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्या माणसाला वाचता येईनात, आणि जे वाचता येत नाही त्यात काहीतरी काळेबेरे असणार, असे समजायला माणसाला वेळ लागत नाही. पुढे लिप्या उलगडल्या, ग्रंथ छापले गेले, त्यांत निघाल्या त्या साध्या, बोलक्या मराठीतल्या लीळा. म्हण मात्र आमच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचलीच होती. देवतांविषयीची त्यांची भूमिका मला आजही पटत नाही. मी सत्यनारायणाला बसतो आणि काकांशी त्यावर वादही घालतो, पण आता त्यांचे म्हणणे काय आहे ते ठाऊक असल्यामुळे वादाला चव तरी येते.

आई यांपैकी काही वाचायला गेली नाही. दोनेक वर्षांनी पूजेच्या दिवशी तिने कढई उतरवली, नैवेद्य दाखवण्याआधीच एक वाटी शिरा बाजूला काढला आणि म्हणाली, "हा अजून देवाले दाखोला नाई, काकूले तसं सांगजो." काकूंनी दोन्ही हातांनी वाटी घेतली, दंडवत म्हणाल्या आणि मला दारातच थांबवून घेतले. परत आणलेल्या वाटीत परसातला मूठभर सांभार होता, मुळांना ओली माती लागलेला.