उरलेल्या दिवसांची खरेदी

वस्तीतल्या छोट्या भाजीबाजारात विक्रीला मांडलेली जवळपास प्रत्येक वस्तू अजून जिवंत असते, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सहसा आपल्या ध्यानातच येत नाही. काकडी वेलीवरून तोडली किंवा पालक मुळासकट उपटला, तरी त्यांचा श्वासोच्छ्वास काही थांबत नाही. साठवलेली साखर हळूहळू जाळत, उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर टाकत त्या भाज्या टोपलीत, गोणीत आणि शेवटी आपल्या पिशवीतही जगत राहतात. फरक इतकाच की मुळांकडून किंवा पानांकडून येणारा पुरवठा आता बंद झालेला असतो आणि पुढचे सगळे आयुष्य शिल्लक साठ्यावर काढायचे असते. त्यामुळे भाजी घेताना आपण किलो आणि ग्रॅम बोलत असलो, तरी खरा सौदा त्या भाजीत उरलेल्या दिवसांचा असतो, असे मला वाटते. वजन काट्यावर दिसते. दिवस मात्र ज्याचे त्याने ओळखायचे.

हे दिवस सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. कांदा आणि बटाटा ही मुळात वनस्पतीने पुढच्या हंगामासाठी करून ठेवलेली बेगमी असते, त्यामुळे त्यांचा श्वास संथ असतो आणि ते आठवडेच्या आठवडे निवांत पडून राहू शकतात. पालक, कोवळा मटार, ब्रोकोली, मक्याचे कणीस ही मंडळी मात्र ऐन वाढीच्या भरात तोडलेली असतात आणि त्या घाईतच ती आपला साठा संपवून टाकतात. कणसाच्या दाण्यांतली साखर तर तोडल्या क्षणापासून पिष्टात बदलू लागते, म्हणून सकाळी गोड लागलेले कणीस दोन दिवसांनी नुसतेच पिठूळ लागते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून बाजारात शिरल्यावर मी भावाच्या आधी ऊन कोणत्या बाजूला आले आहे ते पाहतो. दोन शेजारी गाळ्यांवर एकाच शेतातला पालक असला, तरी दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या जुडीचे वय सावलीतल्या जुडीपेक्षा जास्त असते.

वय ओळखण्याची कला पुस्तकातून येत नाही आणि फार वेळ उभे राहूनही येत नाही. ती हातातून येते. भाजी तोडल्याची जागा ही तिची सर्वांत प्रामाणिक जागा. पान वरून टवटवीत दिसू शकते, पण देठाचे टोक वाळून तपकिरी झाले असेल, तर ते कापून किती काळ लोटला हे लपत नाही. कणसावरचे हिरवे आवरण आणि त्याची शेंडी ओलसर आहे का, वांग्याच्या टोपीचा हिरवेपणा टिकून आहे का, घेवड्याची शेंग वाकवल्यावर टचकन मोडते की मुकाट्याने दुमडते, संत्रे आकाराच्या मानाने हाताला जड लागते का, या सगळ्या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या परीक्षा आहेत: आत पाणी किती उरले आहे? काकडीत सुमारे पंचाण्णव टक्के पाणीच असते आणि पालेभाजीतही नव्वदच्या आसपास. पालकासारख्या पानांच्या वजनातले तीन ते पाच टक्के पाणी उडून गेले, तरी ती मलूल होऊन पडतात. इतक्या बारीक फरकावर एखादी जुडी घेण्याजोगी किंवा न घेण्याजोगी ठरते, आणि आपले बोट तो फरक काट्याआधी ओळखते.

मात्र बोटांनाही काही मर्यादा असायला हव्यात. टोमॅटो दाबून पाहणाऱ्या माणसांविषयी माझे मत चांगले नाही. प्रत्येक जण अंगठ्याने जरासे दाबतो, समाधान न झाल्याने तो ठेवून देतो आणि दुसरा उचलतो; त्या दाबाखाली आतल्या पेशी फुटतात, तिथे बुरशीला वाट मिळते आणि संध्याकाळी त्याच ठिकाणी मऊ डाग दिसतो. तो डाग विक्रेत्याच्या हिशेबात जातो. दाबणारा तोवर घरी पोहोचलेला असतो. टोमॅटो तळहातावर नुसता उचलून धरला, तरी त्याचा घट्टपणा पुरेसा कळतो, आणि देठाकडचा वास घेतला तर त्याहून जास्त कळते. काही विक्रेते हात लावू देत नाहीत. पहिल्यांदा राग येतो, पण दिवसभरात त्या ढिगावरून किती अंगठे फिरणार असतात याचा विचार केला की तो ओसरतो.

दृष्टीला फसवणाऱ्या गोष्टीही बाजारात असतातच. लाल कापडाच्या छताखाली टोमॅटो आहे त्याहून लाल दिसतो आणि हिरव्या छताखाली पालेभाजी आहे त्याहून ताजी. हे नेहमीच हेतुपुरस्सर असते असे नाही, पण जे छत आपल्या मालाला शोभते ते बदलण्याची घाई कोण करील? अशा वेळी वस्तू हातात घेऊन एक पाऊल मोकळ्या उजेडात यावे. पालेभाजीवर शिंपडल्या जाणाऱ्या पाण्याविषयी मात्र गिऱ्हाइकांचा संशय थोडा अन्यायाचा आहे. ते पाणी वजनात भर घालते हे खरे. पण ते पानांभोवतीची हवा गार आणि दमट ठेवते, त्यामुळे पानांतले पाणी उडण्याचा वेग मंदावतो. पाणी शिंपडले जाते की जुडी बुडवून ठेवली जाते, हे मात्र पाहावे. देठांच्या बेचक्यात पाणी साचून राहिले की सड तिथूनच सुरू होते.

छोट्या बाजाराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मला विचाराल तर एका प्रश्नात आहे. केळी किंवा पपई मागितली की जाणता विक्रेता लगेच तोलायला घेत नाही, तो विचारतो, “आज खायची आहे की दोन दिवसांनी?” आणि उत्तराप्रमाणे त्याचा हात ढिगाच्या वेगळ्या भागाकडे वळतो. या प्रश्नामागे मोठे शास्त्र आहे. केळी, आंबा, पपई, सफरचंद, टोमॅटो ही फळे तोडल्यानंतरही पिकत राहतात. द्राक्षे, संत्री, स्ट्रॉबेरी मात्र तोडली त्या क्षणी जितकी गोड असतील तितकीच राहतात, पुढे फक्त शिळी होतात. पहिल्या गटातली फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तोच वायू त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना आणखी वेगाने पिकवतो.

या वायूचा छडा लागण्याची हकिकतही मजेशीर आहे. दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन संशोधकाच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपे सरळ वाढण्याऐवजी आखूड, जाड होऊन आडवी वाढत होती. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीन त्याला कारणीभूत असल्याचे त्याने 1901 मध्ये दाखवून दिले. पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू तयार करते, हे सिद्ध व्हायला मात्र 1934 उजाडावे लागले; ते काम इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी केले. आपला विक्रेता यातले काहीही न सांगता एक पिकलेले फळ कच्च्या फळांच्या ढिगात ठेवतो आणि उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी माल तयार करतो. ज्या विक्रेत्याचे “दोन दिवसांनी” खरोखर दोन दिवसांनी उतरते, त्याच्याकडे मी पुन्हा जातो. ज्याच्याकडचे फळ घरी येऊन एकदम कच्चे तरी राहते किंवा एकदम काळे तरी पडते, त्याचा भाव कमी असला तरी पाय तिकडे वळत नाहीत.

फळ कधी खायचे आहे, हा प्रश्न विचारणारा माणूस मोठ्या दुकानात सहसा भेटत नाही. क्लॅरेन्स साँडर्स यांनी 1916 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलून घ्यावा अशा पद्धतीचे दुकान उघडले, आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. तिच्या सोयी मी नाकारत नाही. शेतापासून दुकानापर्यंत माल गार ठेवणाऱ्या शीतसाखळीमुळे तिथली पालेभाजी पुष्कळदा बाजारातल्यापेक्षा ताजी असते, हे कबूल केलेच पाहिजे. पण जिथे कोणी बोलणार नाही, तिथे भाजीला स्वतःच स्वतःची जाहिरात करावी लागते. म्हणून ती एकसारखी, डागविरहित आणि प्रवासात टिकणारी निवडली जाते आणि चवीचा विचार मागे पडतो. छोट्या बाजारात वाकडी काकडी आणि डाग पडलेले टोमॅटोही विकले जातात, कारण त्यांच्यासाठी दोन शब्द बोलणारा तिथे उभा असतो. अर्थात तोच उभा असलेला माणूस पिशवीच्या तळाशी एखादा किडका बटाटाही सरकवू शकतो. मला या बाजाराची पूजा बांधायची नाही.

वेळेचा हिशेब गिऱ्हाइकाकडेही असतो. सकाळी जाणारा भरपूर दिवस विकत घेतो आणि त्यांची किंमत मोजतो; दिवस मावळताना जाणाऱ्याला कमी दिवस मिळतात आणि ते स्वस्तात मिळतात. यात कमीपणा काहीच नाही. त्याच रात्री शिजवायचे असेल, तर सायंकाळी एका कोपऱ्यात काढून ठेवलेले, अंगाला मऊ झालेले टोमॅटो सकाळच्या तुकतुकीत टोमॅटोंपेक्षा रस्स्याला कितीतरी चांगले लागतात. पूर्ण पिकलेल्या फळाला त्या एका रात्रीपुरता विकत घेणारा कोणीतरी हवा असतो, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्याची शिफारस करते, आणि त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरत नाही. चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला हे अकरा किलोंच्या वर जाते. हा आकडा वाचल्यावर मी पिशवीकडे पाहिले आणि बटाटे वगळून तिच्यात काय उरते याचा हिशेब अर्ध्यावरच सोडून दिला. एक मात्र झाले: आठवड्याची खरेदी एकदम करण्याचा हट्ट मी सोडला. अकरा किलो भाजी एकाच वेळी आणली, तर तिच्यातल्या निम्म्या दिवसांचा वापर होण्याआधीच ते संपतात. थोडी थोडी आणली, तर पिशवीही उचलते आणि पालकही वाया जात नाही.

घरी आल्यावरचे नियम फारसे कठीण नाहीत. बटाटे अंधारात ठेवावेत, कारण उजेडात ते हिरवे होतात आणि तो हिरवेपणा निरुपद्रवी असला, तरी त्याच सुमारास सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेले असते. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बारा अंशांच्या खाली त्यांचा गंध आणि चव घटते. केळी सफरचंदांपासून दूर ठेवावीत, घाई असेल तर मुद्दाम जवळ ठेवावीत. कठीण आहे तो पिशवी भरण्याचा क्रम. बटाटे, कांदे, कोबी तळाशी, मग काकडी, वांगी, नंतर शेंगा, आणि सर्वांत वर टोमॅटो व पालेभाजी, असा तो असायला हवा. पण टोमॅटोंचे ढीग दिसायला देखणे असल्यामुळे विक्रेते ते बाजाराच्या तोंडाशीच मांडतात आणि बटाट्यांच्या गोण्या पार मागच्या टोकाला असतात. त्यामुळे टोमॅटोंकडे न पाहता मी आधी थेट मागे जातो आणि तिथून उलटा खरेदी करत येतो. मागे जाताना ज्यांना “येताना घेतो” असे सांगितलेले असते, त्यांच्यापैकी एकदोघांकडचे टोमॅटो तोवर संपलेले असतात.