रिपोर्ट नॉर्मल, तरी मुंग्या दिसतातच

सोमवार

अँटेना हलला की जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशीच बारीक सळसळ समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर. कोऱ्या भिंतीवर जास्त, अंधारात त्याहून जास्त, आणि डोळे मिटले तरी ती चालूच. याला नाव आहे: व्हिज्युअल स्नो सिंड्रोम. 2014 मध्ये शांकिन, गोड्सबी हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्याचे निकष मांडले. त्याआधी ही तक्रार बहुधा मायग्रेनच्या नाहीतर ‘टेन्शन’च्या खात्यात जायची. आजही जाते, पण आता किमान बोट ठेवायला काहीतरी आहे.

निकष असे. मुंग्या पूर्ण दृष्टिक्षेत्रात, सतत, 3 महिन्यांहून जास्त काळ. जोडीला पुढच्या चारांपैकी किमान दोन गोष्टी: नजर काढल्यावरही वस्तूची प्रतिमा रेंगाळणं किंवा हलत्या वस्तूमागे शेपूट दिसणं, तरंगते धागे, निळ्या आकाशात धावणारे चमकते कण अशा डोळ्यांतल्याच गोष्टी अति जाणवणं, उजेड न सोसणं, कमी उजेडात नीट न दिसणं. शिवाय हे नेहमीच्या मायग्रेन ऑरासारखं (मायग्रेनमध्ये थोडा वेळ दिसणाऱ्या नागमोडी रेषांसारखं) नसावं आणि दुसऱ्या कुठल्या आजारात बसत नसावं. या शेवटच्या अटीपायीच सगळ्या तपासण्या. एरवी नॉर्मल रिपोर्ट हातात आला की वाटतं, फेरी फुकट गेली. इथे निदान त्याच रिपोर्टांवर उभं राहतं.

बुधवार

‘डोळ्यांसमोर काहीतरी येतं’ एवढंच सांगितलं तर चष्म्याचा नंबर आणि कोरड्या डोळ्यांचे ड्रॉप्स मिळतात. डॉक्टरांचा तरी काय दोष? म्हणून एका कागदावर लिहून न्यायचं.

आधी एकेक डोळा तळहाताने झाकून बघायचं. मुंग्या दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात; एकाच डोळ्यात काही असेल तर पडदा आणि नस यांचा शोध आधी. मग नजर झटकन बाजूला न्यायची. तरंगते धागे मागोमाग घसरत जातात, मुंग्या जागच्या हलत नाहीत. मग वेळ. मायग्रेनच्या नागमोडी रेषा हळूहळू पसरतात आणि 5 ते 60 मिनिटांत ओसरतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या फिटमध्ये रंगीत गोळे दिसतात, तेही काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं, आणि दर वेळी जवळपास तसेच.

औषधांची यादी बहुतेक जण विसरतात. टीबीसाठी इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरव्यात गल्लत झाली किंवा मधलंच धूसर दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. क्लोमिफीन (गर्भधारणेसाठीचं औषध), टोपिरामेट (फिट आणि मायग्रेनचं औषध) यांनी प्रतिमा रेंगाळू शकतात. नशेचे पदार्थ घेतले असतील तर तेही सांगायचं, कारण त्यानंतर होणारा त्रास अगदी असाच दिसतो, पण निदान वेगळं.

शुक्रवार

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. नंबर, रंगदृष्टी, टॉर्चने बाहुल्यांची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी हे सगळं बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी. बाहुली मोठी झाल्यावर जवळचं धूसर होतं आणि दृष्टिक्षेत्राचा रिपोर्ट बिघडतो. ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशा त्या चाचणीत मुंग्यांतल्या एखाद्या ठिपक्याला फसून बटण दाबलं जातं. तसं वारंवार झालं की रिपोर्ट भरवशाचा राहत नाही, म्हणून टेक्निशियनला आधीच सांगून ठेवायचं आणि दमायला झालं तर थांबवायला लावायचं. थेंबांनंतर पडद्याची तपासणी. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, तोसुद्धा त्याच भेटीत उरकतो. पुढचे काही तास गाडी चालवायची नाही. सोबत कुणीतरी आणि गॉगल हवाच.

मेंदूचा एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. संशोधनातल्या पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या लिंग्वल जायरस या दृष्टीशी संबंधित भागात चयापचय वाढलेलं आढळलं आहे, पण साध्या एमआरआयवर ते दिसत नाही. पेटसाठी हट्ट धरणं मला तरी पैशाची नासाडी वाटते. तोच खर्च न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्टच्या (डोळे आणि मेंदू यांचा एकत्र विचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या) भेटीवर करावा.

अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजा चमकणं, कडेने पडदा सरकल्यासारखं होणं. डोळा फिरवताना दुखून एका डोळ्याची नजर उतरणं. डोकेदुखीसोबत वाकल्यावर क्षणभर अंधारी येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

रविवार

हमखास गुण देणारं औषध नाही. लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाने काहींना थोडा आराम पडतो. ते साधारण 25 मिलीग्रॅमपासून दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात, कारण घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका. व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर सुरुवात याहूनही कमी. पुरळ दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन.

काचांना एफएल-41 हा गुलाबीसर टिंट काहींना मानवतो. आधी नमुन्याची काच लावून बघायची, मगच चष्मा बनवायचा. घरात काळा गॉगल मात्र नको. डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखीच खुपायला लागतो. वाचताना पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर पार्श्वभूमी ठेवायची, आणि मुंग्या आज कमी आहेत का हे भिंतीवर तपासत बसायचं नाही. तपासलं की त्या हमखास दिसतात.