मदरबोर्ड गेला नव्हता, धूळ साचली होती

एप्रिलची दुपार, सिडकोतली आमची वरच्या मजल्यावरची खोली, स्लॅब नुसता तवा झालेला आणि त्यात माझा गेमिंग लॅपटॉप विमान उडावं तसा घोंघावतोय. व्हिडिओ रेंडरला (एडिट करून फायनल फाइल बनवायला) टाकला की पहिली दोन मिनिटं सुसाट, मग एकदम बैलगाडी. एमजी रोडच्या एका दुकानात दाखवला तर गडी बघताक्षणी म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय भाऊ." उघडला पण नव्हता बरं का!

घरी येऊन एचडब्ल्यूइन्फो (आतलं तापमान, स्पीड दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर ९७ डिग्रीला टेकलेला आणि क्लॉक, म्हणजे त्याचा स्पीड, ४ गिगाहर्ट्झवरून सरळ दीडवर. म्हणजे बिघाड नाहीच, प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच स्पीड कमी करतो, थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात ते हेच. मग बंद करून, चार्जर काढून मागचं कव्हर खोललं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला (हे विसरू नका रे बाबांनो). पंखा वरून ठीक दिसत होता, पण पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीमध्ये धुळीची अख्खी गोधडी, चिमटीत धरून सोलून काढली. पातं काडीने अडवून ब्लोअर मारला, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावली.

आता तेच रेंडर ८४ डिग्रीवर. आणि हो, टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर लावून गेम खेळाल तर स्लो चालणारच, ग्राफिक्स कार्डला तेवढी पॉवर पुरत नाही, सोबत आलेला जाडजूड अडॅप्टरच लावा. त्या दुकानदाराला परत जाऊन दाखवणार होतो, पण एवढ्या उन्हात एमजी रोडला पार्किंग कोण शोधणार.